कल्हईच्या भट्टीतले रसायनशास्त्र
(घोडेगाव येथे विद्यार्थी व पालकांसमोर दिलेले व्याख्यान)



'धातू इलेक्ट्रॉन देतो, अधातू घेतो' हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण हे देणेघेणे आपल्या घरात, मिठाच्या बरणीत आणि तांब्याच्या देगेत, रोज चालू असते. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम मीठ घ्या. सोडियम हा सुरीने कापता येणारा मऊ धातू. पाण्याशी त्याची गाठ पडली की भडका उडतो. क्लोरीन हा पिवळट हिरवा विषारी वायू. १९१५ साली पहिल्या महायुद्धात तो सैनिकांवर सोडला गेला होता. सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी. क्लोरीनच्या १७ ची २, ८, ७ अशी. बाहेरच्या कवचात ८ झाले की अणू स्थिरावतो. एकाजवळ एक जास्त, दुसऱ्याला एक कमी. तो एक इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला की सोडियम धनभारित आणि क्लोरीन ऋणभारित होतो, व विरुद्ध भारांमुळे दोघे एकमेकांना घट्ट धरतात. यालाच आयनिक बंध म्हणतात. हा बंध इतका पक्का, की मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. एक जाळणारा, दुसरा गुदमरवणारा. आणि दोघांपासून झालेल्या मिठावाचून आपला घास गोड लागत नाही!

दोन अधातू भेटले तर मात्र कोणीच द्यायला तयार नसतो. मग ते इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरतात. पाणी असेच बनते.

आता कल्हईकडे वळू. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजीला पक्के ठाऊक होते. घडते असे: तांबे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देते, आंबटातील आम्ल त्या संयुगाला विरघळवते आणि तांबे अन्नात उतरते. मग मळमळ, उलट्या सुरू होतात.

यावर उपाय म्हणजे कथिलाचा थर. पण मधे ऑक्साइडचा पापुद्रा असला तर कथील तांब्याला धरत नाही. म्हणून कल्हईवाला भाता चालवून भांडे तापवतो आणि नवसागर, म्हणजे उर्दूतले नौशादर, टाकतो. तापल्यावर नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू सुटतात. दुसरा वायू तांब्याच्या ऑक्साइडचे क्लोराइड करतो, पापुद्रा निघतो आणि स्वच्छ तांबे उघडे पडते. दोन्ही वायू वर जाऊन थंड होतात, पुन्हा एकत्र येतात, आणि तोच तो पांढरा धूर. कथील २३२ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. म्हणून भांडे शाबूत राहते आणि कापसाच्या बोळ्याने कथील आतून सारखे फिरते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या कारागिरांनीही हे रसायनशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हातांत जपले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

ऑक्सिजनशी जडलेले प्रत्येक नाते घातकच असते, असे मात्र नाही. आपल्या पावसाळ्यात विळा-कोयता गंजतो, कारण लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो आणि हवा-पाणी आत जातच राहते. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मात्र दाट, चिकटून बसणारा. तोच त्याचे चिलखत होतो. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमही असेच राखण करते. म्हणून स्टीलला कल्हई लागत नाही.

स्टील आले आणि कल्हईवाले दुर्मिळ झाले. पण लग्नकार्यातल्या तांब्याच्या देगा अजून आहेत, आणि जेवणारी माणसे शेकड्यांनी असतात. तेव्हा पालकहो, आतून तांबे दिसू लागलेल्या देगेत आंबट पदार्थ शिजवू नका. आधी कल्हई करून घ्या. कथील शुद्धच मागा. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडेल, पण शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते.

आणि विद्यार्थी मित्रहो, भट्टी दिसली की थोडा वेळ थांबा. पुस्तकातले समीकरण तिथे पांढऱ्या धुरात दिसेल. कारागिराला प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहा. असे समजलेले शास्त्र परीक्षेनंतरही विसरत नाही.