शेवाळ अन् वटवाघूळ
(सामूहिक वनहक्काच्या बैठकीत केलेलं भाषण)



दाव्याचा नकाशा काढायला आम्ही धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत बसतो, तेव्हा लोक मोह, तेंदू, बांबू, चराई सांगतात. बरोबरच आहे, पोट त्याच्यावर. पण वटवाघळांचं झाड कोणी सांगत नाही, अन् शेवाळाचा खडक तर कोणीच नाही.

मोठं, फळं खाणारं वटवाघूळ पंख पसरलं तर तीन-चार फूट भरतं. मोहाचं फूल रात्री उमलतं, पहाटे गळतं. आपण टोपली घेऊन पोचतो त्याच्या आधी हे येऊन गेलेलं असतं. फुलाचा गर खाता खाता पराग या झाडाचा त्या झाडाले लावतं. पुढं फळ तोंडात धरून लांब नेतं, बी तिकडं पडते. मोह कोणी लावत नाही म्हणतात. लावणारं हे आहे ना! मादीले वर्षाला एकच पिल्लू होतं. एकदा थवा उठवला तर भरून यायला वर्षं लागतात.

शेवाळ म्हणजे डबक्यातलं हिरवं नव्हे, खडकावर, बुंध्यावर गादीसारखं असतं ते. शाळेच्या पुस्तकातलं फ्युनेरिया त्यातलंच. उंची बोटाच्या पेराएवढी. खरी मुळं नाहीत, पानांनीच पाणी पितं. वणवा गेलेल्या ओल्या जमिनीवर आधी उगवणाऱ्यांत हे असतं, उघडी माती धरून ठेवतं. मेळघाटातलं पाणी वान धरणात उतरतं, अकोट-तेल्हाऱ्याची माणसं ते पितात. ते पाणी डोंगरात थोडं थांबतं, त्यात या गादीचाही वाटा आहे.

एक रात्रीत कोस-कोस उडतं, दुसरं जागचं हलत नाही. पण उडणारं पहाटे आपल्या ठरल्या झाडावर परततं, अन् न हलणाऱ्याचे बीजाणू वारा कुठल्या कुठं नेतो. म्हणून नुसतं झाड अन् नुसता खडक लिहून भागत नाही. झाडासोबत मोहाचं रान लिहा, खडकासोबत झरा अन् नाला.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या वटवाघळाले उंदरांच्या पंक्तीत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली. शेवाळाले तर कोणी विचारतच नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा: वन्यजीव, जैवविविधता, पाणलोट, पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेले आहे. राखायचं काय, ते आपणच लिहून दिलं पाहिजे.

नियम १३ प्रमाणे वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. तो घ्या. अन् शिवारफेरी दोनदा घाला: वटवाघळांचं झाड उन्हाळ्यात लवकर दिसतं, शेवाळ पावसातच.