गैरहजर माणसाची अब्रू

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा प्रसंगी पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी रीत आहे. ते महत्त्व आपण जाणता. तसे नसते तर पोटाला चिमटा घेऊन आपण मुलांची फी भरली नसती. म्हणून आज मी कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसलेल्या एका धड्याविषयी बोलणार आहे. तो धडा मी स्वतः नापास होऊन शिकलो.

गोष्ट 1975 सालची. मी तेव्हा मराठीचा तरुण शिक्षक होतो. सेलूहून या शहराकडे येणाऱ्या गाडीत बसलो होतो आणि मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. समोर जालन्याला जाणारे एक वयस्कर व्यापारी होते. मराठीचे गुरुजी म्हटल्यावर त्यांनी मोठ्या आदराने आपल्या डब्यातील भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे केला. गाव विचारले, पगार विचारला, मुलेबाळे विचारली. नाव मात्र विचारले नाही. परतूर मागे पडले तेव्हा गोष्टी देशाच्या स्थितीवर आल्या आणि ते सहज म्हणाले, "गुरुजी, तुम्हांला काय सांगायचं, हे लोक सगळे रझाकारांचीच अवलाद. कधी आपले व्हायचे नाहीत."

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "हं." आणि खाली मान घालून उत्तरपत्रिकेवर लाल शाई ओढू लागलो. जालन्याला उतरताना त्यांनी मला रामराम केला. मीही केला.

मित्रहो, त्या "हं"ने मी काय केले हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. माझे वडील खेड्यातील प्राथमिक शिक्षक. 1948 साली रझाकारांची टोळी येणार अशी आवई उठली तेव्हा शेजारचे हिंदू कुटुंब दोन रात्री आमच्या घरात होते. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, अनेक गावी निरपराध मुसलमानांवर संकट कोसळले, तेव्हा त्याच शेजाऱ्याने आमच्या दारात खाट टाकून पहारा दिला. हे मला आईने कितीदा सांगितले होते. आणि एका भल्या माणसाची भाकरी खाऊन मी माझ्या वडिलांना रझाकार ठरविण्यास होकार दिला होता!

त्या गृहस्थांना मी दुष्ट म्हणत नाही. रझाकारांचे जुलूम खरे होते. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातील. ज्यांची घरे जळाली त्यांचे दुःख आपण नाकारू नये. पण हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान हेही मुसलमानच होते. त्यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालविली, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हत्या झाली. मला ते नाव ठाऊक होते. गाडीत एवढे एक नाव उच्चारले असते तर त्या गृहस्थांना कदाचित प्रथमच कळले असते की रझाकारांना विरोध करून प्राण देणाऱ्यांत एक मुसलमान संपादकही होता.

आपल्यापैकी अनेकांवर असा प्रसंग येतो. पेहरावावरून ओळख पटत नाही, बोली चांगली असते, आणि समोरचा माणूस आपल्याला "आपल्यातलाच" समजून मन मोकळे करतो. त्याचा आपल्यावर विश्वास असतो, म्हणूनच तोंड उघडणे जड जाते. पण आपण हिशेब कोणाचा ठेवायचा? जो समोर बसून भाकरी देतो त्याचा तर ठेवायचाच. परंतु ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे आणि जो तेथे नाही, त्याचाही ठेवायला हवा. त्या घटकेला त्याची अब्रू ही आपल्याजवळ ठेवलेली अमानत असते. अमानत सांभाळली नाही तर त्याला काय म्हणतात, हे आपल्या घराघरांतील म्हाताऱ्या माणसांना विचारा. सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करण्यास, वाईट नावे ठेवण्यास, संशय घेण्यास आणि गीबत करण्यास, म्हणजे पाठीमागे निंदा करण्यास, मनाई आहे. निंदा करणाऱ्याला ऐकणारा लागतो, हे आपण विसरतो.

आता दुसरी गोष्ट सांगतो, कारण पहिलीच सांगून थांबलो तर ती अर्धवट राहील. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. त्याच दिवसांत मी आपल्याच मोहल्ल्यात एका दावतीला गेलो होतो. जेवण झाले, पानदान फिरले आणि नात्याने माझे खालू लागणारे एक बुजुर्ग म्हणाले, "इन लोगां को पढाके क्या होना है, मास्टर? कल सर पे बैठेंगे."

दस्तरखानाभोवती सगळे आपलेच. कोणी परका नव्हता. म्हणजे येथे मी "हं" म्हटले असते तर कोणाचे काही बिघडणार नव्हते, असे वाटते ना? परंतु मी मिलिंद महाविद्यालयाचा विद्यार्थी. बाबासाहेबांनी 1950 साली ते या शहरात काढले आणि माझ्यासारख्या शिक्षकाच्या पोरालाही त्याचे दार उघडे मिळाले. पुढे 1963 साली डॉ. रफीक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय निघाले. ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांच्यासाठी ही दोन्ही दारे उघडली. "ह्यांना शिकवून काय व्हायचे" हे वाक्य तर आपल्याविषयीही बोलले गेले आहे!

मी म्हणालो, "खालूजान, मिलिंदमध्ये माझ्या खोलीत एक दलित मुलगा होता. मला पुस्तके घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा तो आधी मला वाचू द्यायचा, मग स्वतः वाचायचा. तो आज येथे नाही, म्हणून त्याच्या वतीने मीच सांगतो, मला हे मान्य नाही." खालू हसले. "मास्टर नाराज हो गये," म्हणाले आणि विषय बदलला. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पण हात धुताना पाणी घालणारा मुलगा हळूच म्हणाला, "सर, तुमचा तो मित्र आता काय करतो?" तेव्हा मला समजले की अशा वेळी आपले उत्तर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांसाठी अधिक असते.

मुलांनो, आता तुमच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली: उत्तर लहान असावे. "मला तसे वाटत नाही" एवढे चार शब्द पुरतात. त्यांना भाषणाची जोड नको आणि रागाची तर नकोच. शिवीला शिवी दिली की समोरच्याला हवा असलेला पुरावा आपणच त्याच्या हाती देतो.

दुसरी: प्रश्न विचारावा. "हे लोक म्हणजे कोण? आपल्या ओळखीचे कोणी आहे का?" असे शांतपणे विचारले की "लोक" नाहीसे होतात आणि एखादा शेजारी, एखादा शिंपी, एखादा डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. त्या एका माणसाला वाईट म्हणणे तितके सोपे नसते.

तिसरी: सूट घेऊ नये. "तुम्ही त्यांच्यासारखे नाही हो", "तुमचे मराठी किती शुद्ध!" असे म्हणून आपल्याला कळपातून बाजूला काढतात. ऐकायला गोड वाटते, पण ती गोडी बाकीच्यांच्या अब्रूवर मिळालेली असते. अशा वेळी म्हणावे, "साहेब, ही माझीच भाषा आहे." 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकातले. संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारणारे शाहीर अमर शेख बार्शीचे. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मग आपण आश्चर्याची वस्तू का व्हावे?

चौथी: प्रसंग ओळखावा. जमाव तापलेला असेल, तुम्ही एकटे असाल, तर गप्प राहून निघून जाण्यात भित्रेपणा नाही. आजचे दिवस मला ठाऊक आहेत. पूर्वी आगगाडीच्या डब्यात बोलले जाई ते आता मोबाईलवर क्षणात हजार जणांकडे जाते. तेथे वाद घालू नका. पाठविणारा ओळखीचा असेल तर त्याला एकट्याला भेटून सांगा, आणि तसला मजकूर आपल्या हातून पुढे जाऊ देऊ नका. आपल्याच गटात दुसऱ्यांविषयी आला तरीही!

पालकहो, आपणांस एकच विनंती. मुले अभ्यास करीत आहेत असे समजून आपण ओसरीवर बोलत असतो. हिंदूंविषयी, दलितांविषयी, आपल्यातल्याच दुसऱ्या बिरादरीविषयी आपण काय बोलतो, ते त्यांच्या कानांवर पडत असते. बाहेर आपल्या मुलाविषयी कोणी तसे बोलू नये असे वाटत असेल तर सुरुवात ओसरीपासून करावी लागेल.

शेवटी एक ऋण सांगतो. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून मला कळले की, एकदा शिक्षकांच्या खोलीत मी नसताना माझ्याविषयी आणि माझ्या जातभाईंविषयी काही वावगे बोलले गेले होते. तेव्हा आमचे गणिताचे ब्राह्मण शिक्षक चहाचा कप खाली ठेवून म्हणाले होते, "ते येथे नाहीत, तेव्हा हे बोलणे येथेच थांबवा." वीस वर्षे ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांचे आभार मानण्याआधीच ते गेले. त्यांनी सांभाळलेली अमानत आता मी आपल्या हवाली करतो.