गिझर ठिबकतोय, पण कुठून?

(संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्ष आहे. गेल्या सभेत संस्थेच्या इतिहासावर बोलणं झालं, त्याआधी सोलरवर झालं. माझ्या वाट्याला गिझर आला, म्हणजे तो मीच मागून घेतला. जन्मभर बँकेत व्हाउचर तपासलेल्या माणसानं गिझरवर का बोलावं, असं काहींच्या मनात येईल. निवृत्तीनंतर बरीच वर्षं आपली तक्रारवही माझ्याकडे होती. पार्किंग सोडलं तर त्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी 'वरून पाणी गळतंय' याच. थंडीतल्या नोंदींचा माग काढत जिना चढलो, की बऱ्याचदा वरच्या बाथरूममधल्या गिझरखाली जाऊन उभा राहायचो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब असे. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत घ्यायचं. वरचं तोंड मोकळं, त्यामुळे दाब साठायचा प्रश्नच नव्हता. गिझरचं तसं नाही. तो बंद डबा आहे, आणि त्याच्या डोक्यावर गच्चीतल्या टाकीचं वजन आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब येतो. आपली इमारत सात मजली. म्हणजे सातव्या मजल्यावरच्या गिझरवर जेमतेम दाब, आणि पहिल्या मजल्यावरच्या त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या गिझरवर दोन बारच्या आसपास. शिवाय पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांवरून 70 अंशांपर्यंत गेलं तर सुमारे दोन टक्के वाढतं. 15 लिटरच्या गिझरमध्ये हे जवळजवळ 300 मिलिलिटर झालं, म्हणजे मोठा पेलाभर. डबा बंद, मग हे पेलाभर पाणी जाणार कुठे?

त्यासाठी गार पाण्याच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. प्लंबर त्याला मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह किंवा नुसतंच सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. तो पाण्याला उलट वर जाऊ देत नाही, आणि दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बाजूच्या भोकातून थोडं पाणी सोडून देतो. गिझर चालू असताना त्या भोकातून थेंब पडणं हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे. भगिनींना हे पटकन कळेल. कुकरची शिट्टी वाजते म्हणून तिच्यात कुणी बोळा कोंबतं का?

पण गिझरच्या बाबतीत नेमकं हेच होतं. आपल्याच एका विंगमधली गोष्ट सांगतो, घर कुठलं ते सांगत नाही. खालच्यांची तक्रार आली, वरच्यांनी प्लंबर आणला, त्यानं रिंग बदलली. काही महिन्यांनी पुन्हा गळती, पुन्हा नवी रिंग. तिसऱ्या वेळेला दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं होतं, आणि गणपतीच्या आरतीलासुद्धा ती दोन टोकांना उभी राहत. तेव्हा मी म्हटलं, आता माहितगार इलेक्ट्रिशियनला बोलावू. त्यानं रिंगेकडे नंतर पाहिलं, आधी व्हॉल्व्हला हात लावला. भोकात काडी ठोकून वरून लांबी लावलेली! कधीतरी कुणीतरी थेंब 'बंद' करून दिले होते. बाहेर पडायची वाट बुजल्यावर वाढलेला दाब सगळ्यात नरम जागा शोधणार, आणि ती जागा म्हणजे रबराची रिंग. बिचारी दर वेळी तीच फाटत होती. त्या बंद वाटेच्या जोडीला एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला असता, तर गिझर फुटायला वेळ लागला नसता. रोज सकाळी त्याच्याखाली एक सातवीतला मुलगा अंघोळ करत होता.

म्हणून थेंब दिसले की आधी पाहायचं, ते कुठून येताहेत. गिझरचं बटण बंद करा, खालची बाजू कोरडी पुसा आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरा. अर्ध्या तासानं ओला डाग कुठे आहे ते बघा. डाग व्हॉल्व्हखाली असेल आणि फक्त पाणी तापतानाच येत असेल, तर काही करायचं नाही. एक बारीक नळी लावून ते पाणी मोरीच्या जाळीत सोडा. गिझर गार असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला. पाइपच्या नटाशी ओल असेल तर वॉशर किंवा टेफ्लॉन टेपचं काम, पाच मिनिटांचं.

पण पाणी खालच्या झाकणातून येत असेल, तर बटणावर विसंबू नका, त्या गिझरचा एमसीबीच पाडा. भिंतीवरच्या उभ्या गिझरमध्ये कॉइलची प्लेट तळाला असते. प्लेट आणि टाकी यांच्यामध्ये आपली रिंग, आणि प्लेटच्या खालच्या अंगाला विजेच्या तारा. म्हणजे रिंग गळाली की पाणी थेट तारांवर. 'आजच्या दिवस अंघोळी उरकू, उद्या बघू' हे इथे अजिबात चालत नाही. अर्थिंग ठीक आहे का आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय का, हेही त्याच दिवशी तपासून घ्या.

रिंग बदलायचं काम इलेक्ट्रिशियननंच करायचं. पण बँकेत एकानं लिहिलं की दुसरा तपासतो, तसं आपण शेजारी उभं राहायचं. वीज बंद, गार पाण्याचा कॉक बंद, आतलं पाणी निवलेलं. गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडायचा, मग टाकी रिकामी करायची. तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो. प्लेट उतरली की कॉइलवर पांढरा खडक चढलेला दिसेल. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर आणि टँकरचं पाणी चालतं, त्यातला चुना तापून तिथे बसतो. तो काढून घ्या, आणि मॅग्नेशियमचा रॉड उरलाय का तेही बघा. रॉड संपला की गंज टाकीला खायला लागतो.

रिंग बसते ती जागा स्वच्छ हवी, पण सुरीनं खरवडू देऊ नका. आतल्या मुलाम्याला चरा गेला की तिथून गंज सुरू. प्लॅस्टिकची पट्टी आणि ओलं फडकं पुरतं. रिंग त्याच मॉडेलची, नवी. कुकरची रिंग आपण फ्रीजरमध्ये ठेवून आणखी चार दिवस चालवतो, ती काटकसर इथे नको. एकदा दबलेलं, तापून कडक झालेलं रबर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. लांबी नको, ग्रीस नको, व्हॅसलीनसुद्धा नको. तेलकट पदार्थानं काही रबरं फुगतात. नट आवळायचे ते समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं. एक नट पुरता आवळून मग दुसऱ्याकडे गेलं, की प्लेट तिरकी बसते आणि दुसऱ्या बाजूनं गळते. फार ताकद लावली तरी रिंग बाहेर चेंगरते. मग वीज न लावता पाणी भरायचं, गरम नळाला अखंड धार येईपर्यंत. रिकाम्या गिझरला वीज दिली की कॉइल गेलीच. अर्धा तास कोरडा कागद खाली धरून खात्री झाली, की मगच तारा. पहिल्यांदा पाणी तापल्यावर पुन्हा एकदा बघायचं.

इंग्लंडमध्ये मुलीकडे घर तापवणारा गॅसचा बॉयलर आहे. तो उघडायला तिथे कायद्यानं नोंदणीकृत माणूसच लागतो, आणि झाकण उघडलं की तो त्याचं सील तपासल्याशिवाय परत लावत नाही. आपल्याकडे पाना हातात असला की माणूस तज्ज्ञ होतो. तेव्हा माणूस निवडताना घाई करू नका.

खर्चाचं विचाराल, तर रिंग गिझरमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आणि फ्लॅटच्या आतली दुरुस्ती उपविधींप्रमाणे ज्याची त्यानंच करायची. ती कमिटीकडे घेऊन येऊ नका. खालच्या घराची रंगरंगोटी अंगावर येण्याआधी करा. पाणी कडक आहे, तेव्हा दर वर्षी दिवाळीनंतर गिझर एकदा उघडून घेतलेला बरा. नवी रिंग लावूनही तांबूस पाणी झिरपत राहिलं, तर टाकीलाच भोक पडलंय, गिझर बदला.

जुनी रिंग, तुटलेला व्हॉल्व्ह असं काही नमुन्यादाखल मी पिशवीतून आणलं आहे. ते फिरवतो. चहा यायला अजून अवकाश आहे, तेव्हा ज्यांच्याकडे सध्या ठिबकतंय त्यांनी आधी विचारा.