पणजीची वाहतूक : पूल, फेरीबोट आणि बस



५ जुलै १९८६ रोजी मांडवी नदीवरील नेहरू पूल कोसळला, त्या वेळी तो बांधून पुरती दोन दशकेही झाली नव्हती. पणजी आणि बार्देस यांना जोडणारा राजमार्ग क्षणार्धात तुटला व बेती येथील फेरीबोटीवर साऱ्या उत्तर गोव्याचा भार येऊन पडला. धक्क्यावर वाहनांच्या रांगा तासन् तास खोळंबून राहत. पायी जाणारा मात्र त्यामानाने लवकर पैलतीरी पोहोचे. मोटारीला जी जागा लागते, तीत कित्येक माणसे उभी राहू शकतात, हे त्या वेळी सर्वांच्या प्रत्ययास आले.

पुढे १९९२ मध्ये नवा पूल झाला, त्याला जोडपूलही मिळाला आणि २०१९ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला. जुवारीवरील नवा पूल २०२२ व २०२३ अशा दोन टप्प्यांत पुरा झाला. ही कामे आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु पुलावरून सुखरूप व वेगाने आलेली मोटार शेवटी पणजीच्या त्याच जुन्या अरुंद रस्त्यांत शिरते आणि उभी करण्यास जागा शोधीत फिरते. पूल रुंद करता येतो. अठरा जून रस्ता रुंद करावयाचा तर दोन्ही बाजूंची दुकाने व घरे पाडावी लागतील, आणि ते कोणी सुचविणार नाही.

येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. एका बसमध्ये ४४ माणसे बसतात असे धरू. तीच माणसे दोघे-दोघे मोटारीने निघाली, तर २२ मोटारी लागतात. दोन वाहनांतील अंतर धरून प्रत्येकीस ८ मीटर दिले, तरी रांग पावणेदोनशे मीटरांवर जाते. बसला मागचेपुढचे अंतर धरूनही पंधरा-वीस मीटर पुरतात. बहुतेक मोटारींत तर एकटा चालकच असतो.

मग लोक बसने का जात नाहीत? दोष लोकांचा नाही. गोव्यात बससेवेसाठी लोकांना झगडावे लागले आहे. पूर्वी सारी वाहतूक खासगी गाड्यांच्या हाती होती. लोक त्यांना ‘कारेर’ म्हणत. १९७८-७९ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी निम्म्या भाड्याच्या सवलतीसाठी मोठे आंदोलन केले. त्यानंतर १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. पणजीहून मडगाव, वास्को व म्हापसा येथे विनाथांबा जाणाऱ्या कदंबच्या गाड्या आजही भरून जातात. खिडकीवर तिकीट घ्यावे, रांगेत उभे राहावे, गाडी भरली की निघावी. या साध्या शिस्तीवर लोकांचा विश्वास बसला आहे.

अडचण आहे ती खेड्याकडे जाणाऱ्या मार्गांवर. ज्या गाडीचे उत्पन्न केवळ तिकिटावर अवलंबून असते, ती उतारू मिळेपर्यंत थांब्यावर रेंगाळते आणि सायंकाळी उतारू विरळ झाले की फेरीच रद्द करते. दुकानात काम करणारी मुलगी रात्री आठला सुटते आणि तिची शेवटची बस त्याआधीच गेलेली असते. ती पहिल्या काही पगारांतून स्कूटर घेते. घरात एक स्कूटर आली की सकाळच्या बसचाही एक उतारू कमी होतो, फेरी आणखी विरळ होते, शेजारच्या घरी दुसरी स्कूटर येते. रात्रीची एक रिकामी फेरी वाचविण्याची किंमत अशी दिवसाच्या गर्दीत मोजावी लागते.

म्हणूनच बसमालकास तिकिटाप्रमाणे नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरप्रमाणे मोबदला देण्याचे ‘म्हजी बस’ योजनेमागील तत्त्व महत्त्वाचे आहे. उतारू पाच असोत वा पन्नास, गाडी वेळेवर सुटली पाहिजे. तोटा शासनाने सोसावयाचा. २०२४ मध्ये पणजीच्या शहरी मार्गांवर विजेच्या बसगाड्या आल्या, त्याही स्वागतार्ह होत. तथापि गाडी नवी असणे आणि ती ठरल्या वेळी येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुलाचा खर्च एकदाच अंदाजपत्रकात दिसतो व उद्घाटनाची कोनशिला राहते. बसफेरीचा खर्च दरसाल करावा लागतो आणि तिच्यासाठी कोनशिला बसविता येत नाही. अशा मागणीस मंजुरी मिळण्यास विलंब होतो तो बहुधा याचमुळे.

पंचायतींनी व शिक्षकांनी या कामी एक गोष्ट करण्यासारखी आहे. आपल्या गावची शेवटची बस किती वाजता सुटावयाची असते, प्रत्यक्षात किती वाजता सुटते आणि महिन्यातून किती दिवस येतच नाही, याची नोंद वहीत ठेवावी व ती वाहतूक खात्याकडे पाठवावी. रात्रीच्या फेरीची मागणी करताना ती वहीच पुढे ठेवता येईल.