‘चा-ची-चे’ आणि इंग्रजी षष्ठी



मराठीतील ‘चा-ची-चे’ हे प्रत्यय स्वामित्व दाखवितात, तसाच प्रकारही. म्हणून ‘आजीची पिशवी’ या शब्दांसाठी ‘ग्रँडमदर्स बॅग’ असे योग्य लिहिणारा विद्यार्थी ‘आंब्याचे झाड’ यासाठीही अपॉस्ट्रॉफी घालून ‘मँगोज ट्री’ लिहितो. ही चूक आळसाची नव्हे, मातृभाषेच्या तर्काची होय. लाल रेघ ओढण्यापूर्वी त्यास विचारावे : ‘कोणाची?’ की ‘कोणत्या जातीचे?’ आजी पिशवीची धनी आहे. आंबा हा शब्द झाडाची केवळ जात सांगतो. म्हणून ‘मँगो ट्री’. ‘काऊज मिल्क’ यांसारखे रूढ प्रयोग निराळे शिकवावेत.

मराठीतही फणसाच्या पोळीस ‘फणसपोळी’ म्हणतात. तेथे प्रत्यय गळतो. रत्नागिरीच्या मुलास फणसपोळी ठाऊक असते. पाठाचा आरंभ तिच्यापासून करावा.