संग्रहालय आणि नव्याने आलेला माणूस
(पनागर येथे शिक्षक व वाचक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



संग्रहालयात मनुष्य पाहण्यासाठी जातो, बोलण्यासाठी नव्हे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आज मी नेमके याच्या उलट मांडणार आहे. परभाषी प्रांतात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला तेथील भाषा शिकण्यासाठी संग्रहालयाइतकी सोयीची जागा क्वचितच दुसरी सापडेल.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. जबलपूरला 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी निघाली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा कारखाना उभा राहिला, आणि 1969 मध्ये वाहनांचा कारखाना आला. त्यांच्यामागोमाग बंगाली, तमिळ, मलयाळी, मराठी अशी कितीतरी कुटुंबे या भागात आली. अशा कुटुंबातला पुरुष कारखान्यात हिंदी शिकतो, मुले शाळेत शिकतात. मागे राहते ती घरातली स्त्री. बाजारात ती बोटाने वस्तू दाखवून भागवते. पण दवाखान्यात आपल्याला काय होते आहे हे सांगण्यासाठी तिला दहा वर्षांच्या मुलाला बरोबर न्यावे लागते. आईने डॉक्टरांना जे सांगायचे, ते मुलाच्या तोंडून सांगावे लागणे ही साधी अडचण नव्हे.

न्यूयॉर्क शहरात ऑर्चर्ड स्ट्रीटवर 1863 साली बांधलेली भाडेकरूंची एक चाळ आहे. 1935 पर्यंत तिच्यात निरनिराळ्या देशांतून आलेली सुमारे सात हजार माणसे राहून गेली. 1988 मध्ये स्थापन झालेले टेनेमेंट म्युझियम आज तेथे आहे. या संस्थेने इंग्रजी शिकणाऱ्या नव्या स्थलांतरितांसाठी कार्यशाळा घेतल्या. पूर्वीच्या कुटुंबांची स्वयंपाकघरे व खोल्या पाहताना हे लोक आपले अनुभव नव्या भाषेत सांगू लागले. त्यातले तत्त्व सोपे आहे: डोळ्यांसमोर वस्तू असली की शब्द परका राहत नाही, आणि सांगण्यासारखे काही असले की जीभ अडखळली तरी थांबत नाही.

जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात असा उपक्रम कसा आखता येईल? तेथे कलचुरिकालीन शिल्पे आहेत, आदिवासी जीवनाचे दालन आहे. पनागरहून तेथे जाणे अवघड नाही. माझ्या मते पहिला नियम संख्येचा असावा: एका वेळी दहा-बारा माणसे आणि चार वस्तू, अधिक नको. पन्नास मूर्ती दाखवल्या तर मार्गदर्शकच बोलत राहतो आणि शिकणारा मान डोलावतो. एका मूर्तीपुढे पंधरा मिनिटे थांबले, तर हात, पाय, दागिना, वस्त्र, उभे, बसलेले, मोडलेले, एवढे शब्द सहज निघतात. यांतले निम्मे शब्द दवाखान्यातही उपयोगी पडतात.

दुसरा नियम प्रश्नांचा. ‘ही मूर्ती कोणत्या शतकातली?’ हा परीक्षेचा प्रश्न झाला. ज्याला उत्तर येत नाही तो गप्प बसतो. ‘हिच्या हातात काय आहे? असे तुमच्याकडे कोण वापरते?’ या प्रश्नांना सर्वांजवळ उत्तर असते. मात्र ‘तुम्ही गाव का सोडले?’ असे विचारू नये. ते ज्याचे त्याने, वाटले तर, सांगावे.

तिसरा नियम असा की पाहुण्यानेही एखादी वस्तू आणावी. धान्य पाखडण्याचे साधे सूप घ्या. मराठीत व हिंदीत ते सूपच आहे, बंगालीत कुलो, तमिळमध्ये मुरम. ही चार नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की हिंदी शब्द तर लक्षात राहतोच, शिवाय आपली भाषा येथे अडगळ नाही, हेही शिकणाऱ्याला कळते.

मराठी माणसाला हिंदी सोपी वाटते. पण त्याचीच फसगत अधिक होते. हिंदी पाटीवर ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे तो दंड. त्यांची ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपली थट्टा. त्यांचा ‘संसार’ म्हणजे अवघे जग, आपला चूल आणि मूल. मराठीत नपुंसकलिंगी असलेले पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी होते. पाट्या लिहिणाऱ्यांनी अशा जागा ओळखून ठेवाव्यात.

कोणी म्हणेल, भाषा शिकवणे हे शाळेचे काम. संग्रहालयाने जतन व संशोधन करावे. या आक्षेपात तथ्य आहे. व्याकरण शिकवण्याचा भार संग्रहालयाने उचलू नये. परंतु ज्याच्यासाठी जतन करायचे त्यालाच पाटी वाचता येत नसेल, तर ते जतन कोणासाठी? संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2022 मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येतही संग्रहालय सर्वांना खुले व सर्वांना सामावून घेणारे असावे, असे म्हटले आहे.

आणि नवखा कोण, याचाही विचार केला पाहिजे. दुर्गावती ही चंदेल घराण्यातली कन्या. दलपतशाहाशी विवाह होऊन ती गढ्याच्या गोंड राजघराण्यात आली आणि 1564 मध्ये त्या राज्यासाठी लढताना तिने प्राण दिले. जिच्या नावाने संग्रहालय उभे आहे, तीही बाहेरून आलेली सून होती. उलट, या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंडीभाषक मुलाला शाळेतली हिंदी परकी वाटते, कारण गोंडी ही द्रविड कुळातली भाषा आहे. तो कोठूनही आलेला नाही, तरी पाटीपुढे तो नवखाच ठरतो. म्हणून असा उपक्रम आखताना त्यालाही बोलवावे, आणि आदिवासी दालनात मार्गदर्शकाने मागे सरून त्याला बोलू द्यावे. तेथे शिकवणारा तो आणि शिकणारे आपण.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. हिंदीत दोन्हींसाठी एकच ‘हम’ आहे. त्यात कोणाला धरायचे, ते बोलणाऱ्यावर अवलंबून असते. चार भेटींनंतर त्या स्त्रीला किती शब्द आले, हे अवश्य मोजावे. परंतु ती दवाखान्यात एकटी जाऊ लागली की नाही, आणि संग्रहालयात पाचव्या वेळी शेजारणीला घेऊन स्वतःहून आली की नाही, हेही पाहावे. उपक्रमाचे यश त्यावरून ठरवावे, अशी माझी विनंती आहे.