पडद्यावरची सोळा आणि मांडवातली सोळा

(जालना जिल्ह्यात किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या पत्रात मला विषय दिला होता तो असा : किशोरवयीन मुलामुलींच्या गाण्या-नाचाच्या मालिकांमध्ये मोठ्यांचे विषय येतात, त्याचं आपण काय करायचं? यातल्या 'मोठ्यांचे विषय' या शब्दांपाशीच मी अडले. घरात टीव्ही चालू असताना हे शब्द कधी आठवतात ते तुम्हीही पाहिलं असेल. पडद्यावरची पंधरा-सोळा वर्षांची पोर एखाद्या मुलाकडे बघून गाऊ लागली की आजी खाकरते, वडील रिमोट शोधतात आणि आई मुलीला पाणी आणायला आत पाठवते. त्याच मुलीच्या स्थळाची बोलणी त्याच खोलीत, तिच्यासमोर चालतात. तेव्हा मात्र तिला आत पाठवलं जात नाही. उलट बाहेर बोलावलं जातं, पोह्यांचा ट्रे घेऊन.

ज्या मालिकेवरून हा वाद जगभर गाजला ती अमेरिकेतली 'ग्ली'. २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं ती फॉक्स वाहिनीवर चालली, १२१ भाग झाले. ओहायो राज्यातल्या एका गावातली शाळा, त्या शाळेतला गाण्याचा गट, आणि त्यात येणारी सगळी शाळेच्या दृष्टीनं कुचकामी ठरलेली मुलं. पहिल्याच वर्षात त्यात एका शाळकरी मुलीला दिवस जातात. ही मुलगी शाळेतल्या ब्रह्मचर्य मंडळाची अध्यक्ष असते! तिचा मित्र तिच्या आईवडिलांसमोर, जेवणाच्या टेबलावर, गाणं म्हणून ही गोष्ट सांगतो. आणि वडील तिला त्याच रात्री घराबाहेर काढतात. दुसरीकडे त्याच गटातला एक मुलगा आपल्याला मुलगे आवडतात हे वडिलांना सांगतो. हे वडील गाड्या दुरुस्त करणारे, साधे गृहस्थ. ते म्हणतात, मला हे माहीतच होतं. अमेरिकेतल्या पालकांच्या एका संघटनेनं या मालिकेवर वारंवार टीका केली. माझ्या मते तिच्यात दोष होतेच. सोळा वर्षांच्या मुलाचं काम सत्तावीस वर्षांचा नट करत होता. मोठमोठे प्रश्न तीन मिनिटांच्या गाण्यात सुटत होते. पण एक गोष्ट तिनं केली : गाणं आणि प्रश्न एकाच मुलाच्या तोंडी दिले. जी मुलगी गाते, तिच्यावरच प्रसंग येतो, आणि प्रसंग आल्यावरही ती गातच राहते.

आपल्याकडे या दोन गोष्टींची वाटणी झालेली आहे. गाणारी मुलं वेगळी आणि प्रसंग येणारी मुलं वेगळी.

'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' आठवा. २००८-०९ साली त्या पाच मुलांनी महाराष्ट्राला अक्षरशः वेड लावलं होतं आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा जालन्यात काय, कुठल्याही गावात रस्ते ओस होते. मुलं गुणी होती, यात शंका नाही. पण अशा कार्यक्रमांची रीत बघा. आठ-दहा वर्षांच्या मुलीला नऊवारी नेसवून लावणी म्हणायला उभी करायची, शब्द शृंगाराचे, अदा शिकवलेल्या. सगळे टाळ्या वाजवतात. गाण्याचा अर्थ तिला कुणी सांगत नाही आणि तिनं विचारलाच तर गप्प बसवतात. नाचाच्या स्पर्धांत याचा अतिरेक झाला. तेव्हा जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना सूचना काढली की, चित्रपटांत मोठ्यांनी केलेल्या सूचक हावभावांची नक्कल लहान मुलांकडून करून घेऊ नका. सूचना योग्यच होती. पण ती हावभावांपुरती. शब्दांचा अर्थ कळायला लागलेल्या मुलीशी कुणी बोलायचं, हे कुठल्याच सूचनेत येत नाही. शाळेत बोलावं म्हटलं तर २००७ साली आपल्याच विधिमंडळात लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम राज्यात थांबवण्यात आला. रवी जाधव यांच्या २०१३ सालच्या 'बालक-पालक' चित्रपटाची सगळी गोष्ट या गप्प बसवण्यातूनच सुरू होते. चाळीतल्या ताईनं 'शेण खाल्लं' एवढंच मुलांच्या कानावर पडतं आणि म्हणजे काय ते कुणी सांगत नाही.

आता दुसरं उदाहरण. २०१२-१३ मध्ये झी मराठीवर 'उंच माझा झोका' ही मालिका होती. रमाबाई रानड्यांचं चरित्र. १८७३ साली त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती तिशी ओलांडलेले, बिजवर. मालिका चांगली होती, मीही ती आवडीनं पाहिली. पुढे सेवासदन उभारणाऱ्या बाईची गोष्ट घराघरात गेली, हे काही लहान काम नाही. पण त्या वर्षभरात ही मालिका मोठ्यांच्या विषयाची आहे, मुलींना दाखवू नका, असं म्हणणारं एकही माणूस मला भेटलं नाही. नऊवारीतली चिमुरडी नवऱ्याच्या घरी येते, हे आपल्याला कौटुंबिक वाटलं, गोड वाटलं. मुलीचं लग्न हा लहानांचा विषय आणि मुलीची आवड हा मोठ्यांचा, अशी ही विभागणी आपण कधी केली?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न टीव्हीपुरता नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात शंभरात बावीस निघाल्या, जालना जिल्ह्यात पस्तीसच्या आसपास. परभणी, बीड आपल्याही पुढे आहेत, पण त्याचा दिलासा मानायचं कारण नाही. कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मंठा, अंबड, घनसावंगीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराचा अर्धा कोयता. मुलीला मागे ठेवायचं तर कुणापाशी, फडावर न्यायचं तर राखायचं कसं, या दोन भीतींच्या मध्ये सातवी-आठवीतली पोर अडकते. शाळा गावात सातवीपर्यंत, पुढची पाच-सहा किलोमीटरवर, एसटीची वेळ जुळत नाही. मग स्थळ येतं.

आणि त्या हळदीत काय वाजतं? 'झिंगाट' वाजतं.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. थिएटरला न गेलेल्यांनी तो पुढे टीव्हीवर पाहिला, मोबाइलवर पाहिला. मुलं बिघडली ती 'सैराट'मुळे, हे त्या वर्षी आपण किती सभांमधून ऐकलं! आर्चीचं काम करणारी अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा दहावीही झालेली नव्हती. तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. अजय-अतुलची चारही गाणी पूर्वार्धात आहेत. त्यासाठी परदेशातला मोठा वाद्यवृंद, थेट लॉस एंजलिसला जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण, सगळा थाट. मुलं गावातून पळतात आणि गाणी संपतात. हैद्राबादच्या झोपडपट्टीत एकही गाणं नाही. शेवटी भाऊ माहेरच्या भेटी घेऊन येतो त्यानंतर तर आवाजच नाही. नागराज मंजुळे यांनी हे जाणून केलेलं आहे. पण आपण गावागावात डीजेवर फक्त पूर्वार्ध वाजवतो. पंधरा-सोळा वर्षांच्या नवरीच्या हळदीत, दोन पोरांच्या प्रेमाच्या गाण्यावर, तिचे काके-मामे घाम गाळून नाचतात. त्यातल्याच एखाद्यानं गेल्या वर्षी तिचा मोबाइल काढून घेतलेला असतो.

म्हणून आमच्याकडच्या किशोरी गटांत आम्ही 'सैराट' दाखवला तो मध्यंतरानंतरचा. पूर्वार्ध मुलींना तोंडपाठच होता. जेवणं उरकून दुपारी बसलो, पंचवीसेक मुली, दारं लावलेली नाहीत, येणारी-जाणारी बाई डोकावत होती. मला वाटलं होतं, मुली शेवटावर बोलतील. त्या शेवटावर जवळजवळ बोलल्याच नाहीत. बोलल्या त्या मधल्या भागावर. खोलीचं भाडं कुणी दिलं? ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागली तेव्हा तिला तिथली भाषा येत नव्हती, मग कुणी शिकवली? सुमनअक्का नसती तर पहिल्याच रात्री काय झालं असतं? परत यायचं म्हटलं तर दार कुणाचं उघडं होतं? हे पंधरा वर्षांच्या मुलींचे प्रश्न आहेत. यात चावट काय आहे ते मला अजून कुणी दाखवून द्यावं.

आणि मग आलं ते मारण्याचं. संशय घेऊन परश्या भर बाजारात आर्चीला मारतो, तो प्रसंग. ज्या मुलानं तिच्यासाठी विहिरीत उडी टाकली तोच हा. एक मुलगी म्हणाली, "त्यानं कामून मारलं? तिनं तर काहीच केलं नव्हतं." दुसरी लगेच म्हणाली, "केलं असतं तर मारायचं का मग?" तिसरी शांतपणे म्हणाली, "मारतातच. पळून गेली म्हणून मारलं असं नाही, लग्न लावून दिलेल्यांनाबी मारतात." यावर जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. कारण ती बोलली त्यात बंड नव्हतं, तक्रार नव्हती. पाऊस पडतो तसं तिनं ते सांगितलं. मग पुढचा तासभर आम्ही सिनेमावर बोललोच नाही. कुणाच्या घरी काय होतं, मोठ्या बहिणीचं काय झालं, ती बाळंतपणाला आली तेव्हा काय म्हणाली, यावर बोललो. गाणं लावून पाहिलेला प्रसंग होता म्हणून हे निघालं. 'आज आपण कौटुंबिक हिंसाचारावर चर्चा करू' असं म्हणून बसलो असतो तर पोरींनी माना खाली घातल्या असत्या. गाणाऱ्या-नाचणाऱ्या मालिका आणि सिनेमे आपल्याला लागतात ते यासाठी. त्यात मोठ्यांचे विषय नसावेत असं म्हणणं म्हणजे आपल्या हातातलं हे साधन आपणच टाकून देणं आहे.

कायद्याचंही एक सांगते, कारण पालक सभेत हा प्रश्न येतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठराखालच्या मुलीच्या संमतीला अर्थ ठेवलेला नाही. सतरा वर्षांची मुलगी आवडीच्या मुलाबरोबर गेली की बाप याच कायद्याखाली तक्रार देतो, पोरगा आत जातो आणि मुलगी बालगृहात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं तिचं लग्न लावणं हाही गुन्हाच आहे, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अठराखालच्या पत्नीशी ठेवलेला संबंध हा बलात्कारच. म्हणजे कागदावर दोन्हीकडे सारखीच कडक भाषा. पण पहिल्या प्रकरणात गाव चौकीवर जातं आणि दुसऱ्यात गाव जेवायला जातं. पळून गेलेल्या जोडीवर पोक्सो लावायला आपण मदत करावी का, यावर आपल्यात मतभेद आहेत. माझं मत मी इथं सांगून टाकते : मुलगी जबरदस्तीचं म्हणत नसेल तर आपण बापाच्या बाजूनं उभं राहू नये. मुलीशी आधी एकटीशी बोलावं.

घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास आपल्या जिल्ह्याचा अभिमान. लहानपणी ऐकलेली आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे, बारा वर्षांचा नारायण मांडवात 'सावधान' ऐकून पळाला. कीर्तनात हे रंगवून सांगतात. अंतरपाटाच्या पलीकडे जी मुलगी उभी होती तिचं पुढे काय झालं, हे मात्र मी एकाही कीर्तनात ऐकलेलं नाही. पळायची सोय अलीकडच्या बाजूला होती.

तर आता कामाचं बोलू. टोळ्या निघायच्या आधी आणि मग टोळ्या परतल्यावर उन्हाळ्यात, असे लग्नांचे दोन हंगाम आपल्याकडे असतात. दाखवण्याचे कार्यक्रम त्याच्या महिनाभर आधी लावा. नुसत्या मुली नकोत, आया बोलवा. काही ठिकाणी आया शेवटपर्यंत बसतात आणि मुलींपेक्षा जास्त बोलतात, त्यांचीही सोळाव्या वर्षाचीच गोष्ट असते. गाणी बंद करू नका, पोरींना नाचू द्या, मग पुढचा भाग लावा. प्रत्येक गटातल्या मुलींची जन्मतारीख शाळेच्या निर्गम उताऱ्यावरून लिहून घ्या, आधार कार्डावर ती बदलून आणलेली असू शकते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, त्याचा नंबर मुलींकडे हवा, आणि १०९८ हा प्रत्येकीला पाठ हवा. लग्न झालेलं असलं तरी वय अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तिला ते न्यायालयातून रद्द करून घेता येतं, हे फार थोड्या मुलींना माहीत असतं. ते आयांसमोर सांगा. आणि बॅन्डवाले, डीजेवाले, मांडववाले, आचारी यांची तालुक्याची एक बैठक लावा. लग्नाची सुपारी त्यांना आपल्या आधी कळते.